विस्थापित आर्मेनियन कुटुंबं, त्यांची मुलं आणि चर्चचं सेवाकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं आठवडाभरात घरदार सोडून निघाली. बातम्यांतून तो विषय पंधरवड्यात उतरला. माणसं मात्र अजून भाड्याच्या खोल्यांत आहेत. ख्रिस्ती मंडळीच्या सभांमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, त्यांच्यासाठी चर्चेस करत असलेल्या कामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींचं उत्तर एका ओळीत संपतं, काहींचं संपता संपत नाही.

हे लोक नेमके कोण? आर्मेनियातलेच आर्मेनियन का?

आर्मेनियनच, पण आर्मेनिया देशाच्या हद्दीबाहेरचे. नागोर्नो-काराबाख हा डोंगराळ मुलूख. आर्मेनियन लोक त्याला आर्त्साख म्हणतात. सोव्हिएत काळात तो अझरबैजानच्या अखत्यारीतला स्वायत्त प्रांत होता, पण वस्ती बहुसंख्य आर्मेनियन. १९८८ मध्ये तिथल्या लोकांनी आर्मेनियात सामील होण्याची मागणी केली आणि सोव्हिएत संघ कोसळताना तिचं युद्ध झालं. १९९४ मध्ये ते थांबलं तेव्हा काराबाख आणि भोवतालचे जिल्हे आर्मेनियन ताब्यात होते. सप्टेंबर २०२० मध्ये दुसरं युद्ध पेटलं. चव्वेचाळीस दिवसांनी थांबलं तेव्हा शुशी, हाद्रूत आणि बराचसा मुलूख अझरबैजानकडे गेला होता. म्हणजे २०२३ ला निघालेल्या काही कुटुंबांचं हे दुसरं विस्थापन होतं. शुशीहून काराबाखची राजधानी स्तेपानाकेर्तला, आणि तिथून आर्मेनियात.

एवढ्या घाईत का निघाले? थांबून काही मार्ग निघाला नसता का?

घाई त्या आठवड्याची दिसते, पण त्याआधी नऊ महिन्यांची नाकेबंदी होती. काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा एकच रस्ता, लाचिन कॉरिडॉर, १२ डिसेंबर २०२२ पासून अडवला गेला. आधी साखर, तांदूळ, तेल कुपनांवर आलं. मग पेट्रोल संपलं आणि बस बंद झाल्या. गॅस आणि वीज वारंवार जाऊ लागली. शेवटी शेवटी स्तेपानाकेर्तमध्ये माणशी दिवसाला २०० ग्रॅम पाव, आणि तोही रात्र रात्र रांगेत उभं राहून.

१९ सप्टेंबर २०२३ ला अझरबैजानने हल्ला केला आणि चोवीस तासांत स्थानिक प्रशासनाने शस्त्रं खाली ठेवली. काही दिवसांत रस्ता खुला झाला, तो मात्र बाहेर जाण्यासाठी. एरवी स्तेपानाकेर्तहून आर्मेनियातल्या गोरिसला मोटारीने दोनेक तास लागतात. त्या आठवड्यात लोकांना दीड-दीड दिवस लागला. त्यातच २५ सप्टेंबरला शहराबाहेरच्या एका डेपोवर इंधनासाठी रांगेत उभे असलेले लोक स्फोटात सापडले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. प्रवासाला लागणारं पेट्रोल घ्यायला आलेली माणसं होती ती. आर्मेनियात पोचलेल्या कित्येक कुटुंबांत त्या स्फोटात भाजलेलं कोणी ना कोणी आहे, आणि त्यांची ड्रेसिंग, त्वचारोपण, फिजिओथेरपी हा मदतकार्यातला पैसे खाणारा भाग झाला. बातम्यांत तो जवळजवळ आलाच नाही.

आता तिथे कोणी उरलं आहे का? परत जाता येईल?

बोटांवर मोजण्याइतके लोक उरले. काराबाखचं स्वयंघोषित प्रजासत्ताक १ जानेवारी २०२४ पासून विसर्जित झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी वॉशिंग्टनमध्ये शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली, पण या कुटुंबांना परत नेणारी वाट त्यातून उघडलेली नाही. काम करणाऱ्या चर्चेसही 'घरी जाईपर्यंत सांभाळू' अशा हिशेबाने चालत नाहीत. इथेच बस्तान बसवायचं, हे धरून चालतात. कुटुंबातले म्हातारे मात्र ते मान्य करत नाहीत, आणि त्यांच्याशी या विषयावर वाद घालू नये.

अझरबैजानी लोकही बेघर झाले होते ना? त्यांच्याबद्दल कोणी का बोलत नाही?

झाले होते, आणि आकडा मोठा आहे. १९८८ ते १९९४ या काळात आर्मेनियातून दोन लाखांच्या आसपास अझरबैजानी निघून गेले, आणि काराबाख व भोवतालच्या जिल्ह्यांतून पाच लाखांहून जास्त. त्याच काळात अझरबैजानमधून तीन लाखांहून अधिक आर्मेनियन आर्मेनियात आले. सुमगाइत आणि बाकू इथल्या दंगलींनंतरची ती माणसं. हे पान आर्मेनियन चर्चेसच्या कामाबद्दल आहे म्हणून त्यात आर्मेनियन कुटुंबं दिसतात. दुसऱ्या बाजूचं दुःख खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि मंडळीतल्या प्रार्थनेत फक्त एकाच बाजूचं नाव यावं असं मला तरी वाटत नाही.

'चर्च' म्हणजे कोणतं चर्च?

इथे बहुतेकांची गल्लत होते. आर्मेनियात तीन वेगवेगळ्या परंपरा काम करतात, आणि कोण काय करतं हे कळल्याशिवाय मदत कुठे जाते ते कळत नाही.

सगळ्यात मोठं, जुनं आणि बहुसंख्यांचं ते आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च. परंपरेनुसार इसवी सन ३०१ मध्ये आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला, ते हे चर्च. मुख्य पीठ एचमियाद्झिन. दुसरं पीठ किलिकियाचं, बैरूतजवळ अंतेलियासला. केरळच्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचं आणि यांचं घराणं एकच. २०२३ च्या त्या आठवड्यात याच चर्चच्या स्थानिक पाद्र्यांनी आणि धर्मप्रांतांनी निवारा, जेवण, अंथरूण-पांघरूण यांची धावपळ केली. काराबाखमधले पाद्री स्वतःच विस्थापित होऊन लोकांबरोबर आले. अमेरिकेतल्या आर्मेनियन धर्मप्रांताने १९८८ च्या भूकंपानंतर उभा केलेला फंड फॉर आर्मेनियन रिलीफ हाही याच चर्चचा. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, त्यांचं बालकेंद्र आहे. घरातून तुटलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या मुलांना तिथे काही काळ ठेवून शक्यतो कुटुंबात परत जोडून देतात.

दुसरं आर्मेनियन कॅथलिक चर्च. आकाराने लहान, पण ग्युम्री आणि उत्तरेकडच्या थंड पट्ट्यात पाय रोवलेलं. कारितास आर्मेनिया ही त्यांची मदतसंस्था १९९५ पासून तिथे आहे. मुलांसाठी त्यांची 'लिटल प्रिन्स' नावाची केंद्रं चालतात. अशोत्स्कचं रुग्णालय ही पोप जॉन पॉल दुसरे यांची भूकंपानंतरची भेट.

तिसरं इव्हँजेलिकल, म्हणजे आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळींना जवळचं. १८४६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला, आजच्या इस्तंबूलला, सुरू झालेलं. यांचा मोठा आधार म्हणजे आर्मेनियन मिशनरी असोसिएशन ऑफ अमेरिका ही १९१८ साली मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टर गावी स्थापन झालेली संस्था. काराबाखमध्ये यांच्या बालवाड्या होत्या. येरेवानमध्ये फी न घेणारी अवेदिस्यान शाळा आहे, आणि 'शोघ' नावाची दिवसाची केंद्रं आहेत. शाळा सुटल्यावर मुलं तिथे जेवतात, गृहपाठ करतात आणि संध्याकाळी घरी जातात.

मिशनचं काम म्हणजे प्रत्यक्षात काय? प्रवचनं?

पहिल्या पंधरवड्यात ब्लँकेटं, बाळांचं दूध, डायपर, औषधं. गोरिससारख्या वीसेक हजार वस्तीच्या गावात दिवसाला हजारो माणसं उतरत होती. तिथल्या नाट्यगृहात नोंदणी चालायची आणि बाहेर लोक गाडीतच झोपायचे. हे सगळं फोटोत छान दिसतं, आणि देणग्याही तेव्हाच येतात.

पहिला हिवाळा सरल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं असतं. घरमालकाशी बोलणी. डिपॉझिट. गॅसचं बिल. रजिस्टर न झालेला विवाह, नाकेबंदीत जन्मलेल्या बाळाचा दाखला, तिकडे राहून गेलेली नोकरीची कागदपत्रं, ज्यांच्याशिवाय पेन्शन सुरू होत नाही. मंडळीतली एखादी बाई कुटुंबाबरोबर सरकारी कचेरीत जाऊन दिवसभर बसते, एवढंच त्या दिवसाचं सेवाकार्य. वार्षिक अहवालात याचा फोटो छापता येत नाही.

सरपणाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. स्वस्त भाड्याची घरं गावाकडे, आणि गावाकडच्या कित्येक जुन्या घरांत गॅस नाही. ऑक्टोबर संपला की लाकडाची शेगडी लागते. ग्युम्रीकडे पारा शून्याखाली दहा-पंधरा सहज जातो. म्हणून तिकडच्या मंडळ्यांच्या शिध्याच्या यादीत पीठ, तेल, बकव्हीट (कुट्टू) यांच्या बरोबरीने सरपण असतं. आपल्याकडून पैसे देणाऱ्यांना हे विचित्र वाटतं. एकाने मला विचारलंही होतं की वह्या-पुस्तकांसाठी दिलेले पैसे लाकडात का घातले. थंडीत कुडकुडणारं मूल वही उघडत नाही, एवढंच उत्तर होतं.

आणि रोजगार. काराबाखची झेंग्यालोव हात्स नावाची भाकरी आता येरेवानमध्येही जागोजागी मिळते. पातळ लाटलेल्या कणकेत दहा-वीस प्रकारचा बारीक चिरलेला रानपाला भरायचा, कडा मुडपून लांबट आकार द्यायचा, आणि लोखंडी तव्यावर तेल न घालता भाजायची. आपल्या पालेभाजीच्या पराठ्याची लांबची बहीण. ही भाजून विकणाऱ्या बायकांत विस्थापित बऱ्याच आहेत. अशा कुटुंबाला तवा, लाटायचं टेबल आणि पहिल्या महिन्याचं पीठ देणं हे दोन वर्षं शिधा देण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि घरच्या बाईची मानही ताठ राहते.

सरकार काही करत नाही का? सगळं चर्चवरच का?

सगळं चर्चवर अजिबात नाही. तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशाने आठवड्यात एक लाख माणसं सामावली, हे छोटं काम नव्हे. सुरुवातीला माणशी एक लाख द्राम, म्हणजे साधारण वीस-बावीस हजार रुपये, एकदाच दिले. मग दरमहा माणशी ४० हजार द्राम भाड्यासाठी आणि १० हजार वीज-पाण्यासाठी. २०२५ मध्ये ही मासिक मदत आटवून लहान मुलं, वृद्ध, अपंग अशा गटांपुरती केली. २०२४ मध्ये घरांची योजना आली. घर विकत घ्यायला किंवा बांधायला माणशी लाखो द्रामचं प्रमाणपत्र, आणि सीमेजवळच्या ठरावीक गावांत घर घेतलं तर सगळ्यात जास्त, ५० लाख द्रामपर्यंत.

अडचण बारीक अक्षरात आहे. या लोकांकडे आर्मेनियाचे पासपोर्ट होते, तरी सरकारने त्यांना नागरिक न मानता 'तात्पुरत्या संरक्षणाखालचे निर्वासित' असा दर्जा दिला. घराच्या योजनेसाठी आधी नागरिकत्व घ्यावं लागतं. ते घेतलं की काराबाखमधला आपला हक्क सोडल्यासारखं होईल, अशी भीती कित्येकांना वाटते. शिवाय सीमेजवळ घर स्वस्त असलं तरी तिथे काम नाही, आणि एकदा गोळीबारातून आलेला माणूस पुन्हा सीमेवर राहायला का जाईल? येरेवानमध्ये काम आहे, पण २०२२ मध्ये रशियातून हजारो लोक येऊन राहिल्यापासून तिथली भाडी चढलेली. या सगळ्याच्या मधल्या फटीत चर्च उभं असतं. मासिक मदत थांबली आणि पगार अजून पुरेसा नाही, अशा सहा-आठ महिन्यांत कुटुंब मोडतं किंवा सावरतं.

मुलांसाठी वेगळं काय केलं जातं?

आलेल्यांमध्ये सुमारे ३० हजार मुलं होती. त्यांना शाळेत प्रवेश मिळवून देणं तुलनेने सोपं गेलं, आर्मेनियाच्या शाळांनी दारं उघडली. अवघड होतं ते पुढचं. नाकेबंदीत थंडीमुळे आणि वीज नसल्यामुळे शाळा कित्येकदा बंद होत्या, त्यामुळे अभ्यासात खड्डे. काराबाखची बोली येरेवानच्या मुलांना चटकन कळत नाही, ती हसतात, मग मूल वर्गात तोंड उघडत नाही. आणि घरी एका खोलीत सहा जण, अभ्यासाला जागा कुठली?

दिवसाची केंद्रं यासाठीच आहेत. गरम जेवण, गृहपाठ, चित्रकला, गाणं, आणि आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ. तिथल्या काही शिक्षिका स्वतः काराबाखच्या. हे मुद्दाम केलं तर फार चांगलं चालतं, कारण मुलाला आपल्या बोलीत ओरडा बसला की तेही बरं वाटतं. उन्हाळी शिबिरं हा दुसरा भाग. डोंगरात दहा दिवस, बायबलच्या गोष्टी, पोहणं, फुटबॉल. शिबिराला 'मौजमजा' म्हणून नाक मुरडणारे देणगीदार असतात. नऊ महिने खिडकीपासून लांब झोपलेल्या मुलाने दहा दिवस उघड्यावर खेळणं, याला कोणता हिशेब लावायचा ते त्यांनीच ठरवावं.

किशोरवयीन मुलगे मात्र सगळीकडे निसटतात. चौदा-पंधराव्या वर्षी शाळा सोडून बांधकामावर जातात, कारण वडील युद्धात गेले किंवा जायबंदी झाले. केंद्रांच्या भिंतीवर लहान मुलांची चित्रं भरपूर, पण या वयाच्या मुलांसाठी काम करणारे हात कमी. या कामातली ही मोठी उणीव आहे असं माझं मत.

मग एक मोठा अनाथाश्रम बांधून सगळ्यांची सोय का करत नाहीत? पूर्वीच्या मिशनऱ्यांनी केलीच होती की.

केली होती, आणि प्रचंड केली होती. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल आणि हद्दपारी झाली. वाचलेल्यांत लाखो मुलं होती आणि त्यांना आईबाप नव्हते. अमेरिकेत त्याच वर्षी एक मदत समिती उभी राहिली, पुढे तिचं नाव निअर ईस्ट रिलीफ झालं. १९१९ मध्ये तिला अमेरिकन संसदेची, काँग्रेसची, सनद मिळाली. १९३० पर्यंत तिने ११ कोटी ६० लाख डॉलर जमवले आणि सुमारे १ लाख ३२ हजार अनाथ मुलं सांभाळली. अलेक्झांड्रोपोल, म्हणजे आजचं ग्युम्री, इथे झारच्या जुन्या लष्करी बराकींत वीस हजारांहून जास्त मुलं एकत्र राहत होती. 'अनाथांचं शहर'च म्हणायचे त्याला. खुपरीने डोळे गेलेली, जाऊ लागलेली मुलं एवढी की त्यांच्यासाठी बराकींचा एक अख्खा भाग राखून ठेवला होता. अमेरिकेत १९२३ पासून डिसेंबरातल्या एका रविवारी घरोघर अनाथाश्रमासारखं साधं जेवण करून वाचलेले पैसे पाठवायची प्रथा पडली.

एकेकट्या माणसांनीही डोंगराएवढं काम केलं. स्वित्झर्लंडच्या याकोब क्युन्झलर यांनी १९२२ मध्ये सुमारे आठ हजार मुलं तुर्कस्तानातल्या अनातोलियातून सीरिया-लेबनॉनकडे नेली. डेन्मार्कच्या नर्स मारिया याकोबसन यांनी लेबनॉनमध्ये 'बर्ड्स नेस्ट' उभारलं. १९६० मध्ये त्या वारल्या आणि तिथेच त्यांना पुरलं. डेन्मार्कच्याच कारेन येप्पे अलेप्पोत राहून वाळवंटात विकल्या गेलेल्या, घरांत डांबलेल्या बायका-मुलांना सोडवत होत्या. त्यांच्या आश्रयघराच्या नोंदवहीत दीड हजारांहून अधिक नावं आहेत. प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, कुठे सापडला. बहुतेकांच्या बाबतीत तेवढाच कागद त्यांच्या घराचा पुरावा उरला होता.

पण ती मुलं खरोखर अनाथ होती. २०२३ ला आलेल्या बहुसंख्य मुलांना आई आहे, आजी आहे, बहुधा बापही आहे. त्यांच्याकडे फक्त छप्पर नाही आणि पगार नाही. अशा मुलाला वसतिगृहात नेलं तर त्याचं पोट भरेल आणि कुटुंब सुटेल. गरिबीमुळे मूल संस्थेत ठेवण्याची सवय आर्मेनियाला सोव्हिएत काळापासून होती, आणि गेली काही वर्षं ती मोडण्यासाठीच सरकार आणि संस्था झटताहेत. तेव्हा आज अनाथाश्रमाची वीट बसवण्यापेक्षा आईचं भाडं भरणं हे मुलाच्या जास्त उपयोगाचं आहे. देणगीदारांच्या गळी हे उतरवायला वेळ लागतो. इमारतीवर नाव कोरता येतं, भाड्याच्या पावतीवर नाही.

आम्हाला एक मूल दत्तक घ्यायचं आहे. जमेल?

नाही. वरचं उत्तर वाचा. या मुलांना पालक आहेत. दत्तक घ्यायचंच असेल तर भारतात 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी करा.

आपल्या मराठी मिशनचा आणि आर्मेनियनांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि फारसा कोणाला माहीत नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे. पुढे अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून ज्या अमेरिकन मराठी मिशनने शाळा, दवाखाने उभे केले, 'ज्ञानोदय' नियतकालिक चालवलं, ते याच बोर्डाचं अपत्य. हेच बोर्ड तुर्कस्तानात हारपूत, ऐंताब, मर्सोवान इथे आर्मेनियन मुलामुलींसाठी शाळा-कॉलेजं चालवत होतं. निअर ईस्ट रिलीफचं नेतृत्व करणारे जेम्स बार्टन आधी हारपूतला मिशनरी होते, नंतर बोर्डाचे परराष्ट्र सचिव. म्हणजे नगरच्या मिशनची पत्रं ज्या कचेरीत जायची, त्याच कचेरीत १९१५ ची हारपूतची पत्रंही जात होती.

आणखी एक दुवा पहिल्या महायुद्धातला. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, कुट इथे तुर्कांना शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. युद्धकैद्यांपैकी बऱ्याच भारतीय शिपायांना बगदाद रेल्वेच्या कामावर रास अल-ऐनला नेलं. आर्मेनियन हद्दपारांचे तांडे ज्या ठिकाणी येऊन संपत होते, तेच हे ठिकाण.

मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटला १७९६ चं आर्मेनियन चर्च आजही उभं आहे. कोलकात्याचं आर्मेनियन कॉलेज १८२१ पासून चालू आहे, आणि आर्मेनिया, इराण, इराकमधून आलेली मुलं तिथे वसतिगृहात राहून शिकतात.

मदतीच्या नावाखाली पंथ बदलायला लावतात का?

प्रश्न रास्त आहे. आर्मेनियात तो इव्हँजेलिकलांविषयी विचारला जातो. विस्थापित कुटुंबं आधीच ख्रिस्ती, बहुतेक अपोस्टोलिक. त्यांच्या दृष्टीने राष्ट्र आणि चर्च एकच, त्यामुळे बाहेरून आलेल्या पंथांकडे संशयाने पाहिलं जातं, आणि सगळा संशय बिनबुडाचा आहे असंही नाही. चांगल्या संस्था शिध्याची यादी आणि उपासनेची हजेरी या दोन वह्या वेगळ्या ठेवतात. ज्या ठेवत नाहीत, त्यांना पैसे देऊ नयेत. पिठाच्या पोत्यामागे अट लावणं हे सुवार्तेला शोभत नाही.

तिकडे चर्च आणि सरकार यांचं भांडण चालू आहे असं वाचलं. त्याचा कामावर परिणाम होतो का?

होतो. २०२४ मध्ये सीमेवरची गावं अझरबैजानला परत देण्याविरुद्ध तावुश प्रांताच्या आर्चबिशपांनी मोठं आंदोलन केलं, आणि जून २०२५ मध्ये दोन आर्चबिशपांना अटक झाली. आरोप सत्ता उलथवण्याशी संबंधित होते, चर्चने ते फेटाळले. विस्थापित कुटुंबं मध्ये अडकतात, कारण घराचं प्रमाणपत्र सरकारचं आणि सरपण चर्चचं. गावपातळीवर पाद्री आणि समाजकल्याणचा कर्मचारी बहुधा एकमेकांना फोन करून काम चालवतात. वरचं भांडण तिथे कमी पोचतं.

भारतातून पैसे कसे पाठवायचे?

व्यक्ती म्हणून पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत परदेशी देणगी बसते. मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, आपल्यापैकी कोणाला ती अडणार नाही. बँकेत ए-टू फॉर्म आणि पॅन लागतो, हेतूच्या रकान्यात देणगी लिहायचं. देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही.

मंडळीच्या ट्रस्टमधून थेट पाठवू नका. धर्मादाय ट्रस्टने आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर आयकराची सूट धोक्यात येते, त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी परवानगी लागते. एफसीआरएचा इथे संबंध नाही, तो कायदा परदेशातून येणाऱ्या पैशाचा. हे दोन्ही नेहमी एकत्र कालवले जातात. कोषाध्यक्षांनी सीएला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

संस्था खरी की खोटी, कसं ओळखायचं?

लेखापरीक्षित हिशेब मागा. रडणाऱ्या मुलाचा चेहरा, नाव आणि गाव जाहिरातीत टाकणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. मूल सुरक्षित ठेवण्याचं लेखी धोरण आहे का, ते विचारा. आणि 'गेल्या हिवाळ्यात किती कुटुंबांचं भाडं भरलं' हा साधा प्रश्न मेलवर टाका. काम करणारे लगेच आकडा देतात.

जुने कपडे, खेळणी, बायबल सोसायटीची मराठी चित्रपुस्तकं पाठवू का?

नको. कुरिअरच्या खर्चात तिथे नवे बूट येतात.

स्वयंसेवक म्हणून जाता येईल का?

व्हिसा अवघड नाही, भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, आणि येरेवानच्या वैद्यकीय विद्यापीठात भारतीय विद्यार्थीही बरेच आहेत. पण आर्मेनियन किंवा रशियन येत नसेल तर दोन आठवड्यांत तुमचा उपयोग कमी आणि यजमानांची तारांबळ जास्त. भाजलेल्या रुग्णांबरोबर काम केलेले फिजिओथेरपिस्ट, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ, मुलांचे समुपदेशक यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी पत्रव्यवहार करावा. आधीच तिथे शिकणाऱ्या मुलांना मात्र शनिवारी केंद्रात इंग्रजी किंवा गणित शिकवता येतं, आणि त्याला तिकीट लागत नाही.

सीरिया-लेबनॉनमधले आर्मेनियन यात येतात का?

येतात. १९१५ ला वाचलेल्यांचीच ही नातवंडं-पतवंडं. सीरियातल्या युद्धामुळे हजारो जण अलेप्पोहून आर्मेनियात आले, आणि बैरूतची बूर्ज हम्मूद ही आर्मेनियन वस्ती तर ऑगस्ट २०२० च्या बंदरातल्या स्फोटाने हादरलेली. तिथल्या आर्मेनियन शाळांची फी भरणं हा चर्चच्या मदतीचा नियमित भाग आहे. पण पैसे देताना कोणत्या कामासाठी ते स्पष्ट लिहा, नाहीतर सर्वसाधारण निधीत जातात.

संडे स्कूलच्या मुलांनी पत्रं लिहिली आहेत. कुठे पाठवायची, आणि कधी?

एखाद्या केंद्राशी आधी मेलवर बोलून, सगळ्यांची मिळून एका पाकिटात. एकेका मुलाच्या नावे नको. फोटो, पत्ता, फोन नंबर घालू नका. 'तुमचं घर गेलं म्हणून वाईट वाटतं' असं लिहायला लावू नका. आपण काय खातो, कोणता खेळ खेळतो, शाळेला सुट्टी कधी असते, हे लिहू द्या. चित्रं काढली तर उत्तम. अपोस्टोलिक चर्च नाताळ ६ जानेवारीला पाळतं, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टपालात टाकलं तर वेळेत पोचण्याची आशा आहे. आणि उत्तर येईलच असं मुलांना सांगून ठेवू नका.